शुक्रावर फक्त बेचाळीस

७ एप्रिल १९५८, गोंडपिपरी
मासिकात बातमी: अमेरिकनांनी शुक्राच्या रेडिओलहरी मोजल्या म्हणे. तिथे तीनशे अंशांच्या वर उष्णता. थापा! अकरा वर्षं हायस्कुलात गणित शिकवतोय. स्वतः हिशेब मांडला. सूर्याकडून येणारी उष्णता, ढगांनी परतवलेली वजा, हवा म्हणजे वर झाकलेली एक काच. उत्तर बेचाळीस. म्हणजे आपल्या चांदा जिल्ह्यातला वैशाख.

८ एप्रिल
हेडमास्तर विचारतात, हवा एवढी दाट, मग काच एकच कशी? सांगितलं, एकदा झाकलं की झाकलं.
घरी गिरजाचंही तेच. म्हणे, "थंडीत एका गोधडीनं भागलं नाई, तवा तुमीच दुसरी मांगतली ना? आता काऊन इसरता?"
बायकोला गोधडी दिसते, समीकरण दिसत नाही.

११ एप्रिल
स्टाफरूममध्ये जाहीर केलं. आतून काळ्या दोन पेट्या करतो. एकीवर एक काच, दुसरीवर तीन. पारा दोन्हींत सारखाच चढणार. न चढल्यास गणिताचे तास सोडीन, सकाळचं ड्रिल घेईन. हेडमास्तरांनी लगेच लिहून घेतलं. घ्या!

१३ एप्रिल
पेट्या तयार. काचा देवघरातल्या तसबिरींच्या. गिरजा उघड्या तसबिरी पुसत बसली.

२० एप्रिल, रविवार, दुपारी १
पेट्या आमच्या अंगणात, उन्हात; हेडमास्तर साक्षीला. एका काचेखाली ७१. तीन काचांखाली ९४. थर्मामीटर सदोष.

दुपारी १.३०
थर्मामीटरांची अदलाबदल केली. आता दुसरा सदोष.

दुपारी ४
गिरजानं न विचारता दोन्ही पेट्यांत लाखोरीची डाळ ठेवली होती. तीन काचांची शिजली. एका काचेची दाताखाली कचकचते. हेडमास्तर दोन वाट्या वरण प्यायले आणि म्हणाले, "गुरुजी, शुक्रावर सैंपाकाले लाकडं लागत नाई."
डाळ हे शास्त्रीय उपकरण नाही.

२१ एप्रिल
त्यांची तोंडं बंद करायला काचा वाढवून हिशेब केला. दोन, पाच, दहा. आकडा थांबेना. पंचवीस काचांना तीनशे पंचवीस.
योगायोग. अमेरिकनांनी माझी वही पाहिलेली नाही.

२२ एप्रिल, पहाटे ५
ड्रिल. पूर्वेला झाडांच्या वर शुक्र लखलखतोय. मुलांना पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं, मीही त्याच्याकडे पाठ फिरवली. गणिताचे तास गेले, फार वाईट वाटतंय. पण चूक मान्य नाही.
हजेरी घेतली. बेचाळीस. पुन्हा मोजली.
बेचाळीसच.