आईचं लांब होणारं लुगडं

सुरत

सोनगीरच्या माझ्या दीपमालेला, मायेने.

आठवतं का गं, एकदा सकाळी हंडे घासून, अंगण झाडून आई उभी राहिली आणि म्हणाली, "लुगडं लांब व्हयी ऱ्हायनं वं." आपण दोघी हसलो, "माय, लुगडं कधी वाढस का?"

वाढत नव्हतं गं. हाडं ठिसूळ झाली की मणके दबतात, बाईची उंची घटते, हे मी परवा वाचलं. त्यावर औषधही असतं. आपण हसलो, आणि वर्षभरात नुसतं घसरून तिचा खुबा मोडला. ती पुन्हा उठलीच नाही.

मी बरी आहे. तुझे दाजी गेल्यापासून वाचनाचीच सोबत. तुझी कंबर अजून दुखते का? कामाने दुखते म्हणू नकोस, धुळ्याला जाऊन हाडं तपासून घे.

वाचलं त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन माझी हाडं तपासून आले.

तुझी अक्का