लाथेनं उघडेल असं दार

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं" यांच्यापुढे जात नाही. मागून आत्या ओरडून सांगते, "अगं, मान हलवतायत ते!" आता हललेली मान मला फोनमधून कशी दिसणार? म्हणून आज सुट्टी आहे तर सरळ पत्रच लिहायला बसले. पत्राला मध्येच "ठेवतो आता" म्हणता येत नाही. लहानपणी मी प्रश्न विचारून तुमचं डोकं खायचे, तेव्हा तुम्ही मला चौकशी खातं म्हणायचात. ते खातं अजून चालू आहे, आणि सध्या त्याची चंगळ आहे.

बंदराच्या मागे एक मोठं आवार आहे. बोटींवरून माल नेणारे लोखंडी कंटेनर तिथे एकावर एक रचून ठेवलेत. समुद्रावर पाठवण्यालायक उरले नाहीत, की ते आमच्या ताब्यात येतात. आम्ही त्यांना खिडक्या पाडतो, आतून अस्तर लावतो, वीज-पाणी जोडतो आणि भूकंपात ज्यांची घरं गेली त्यांच्याकडे ट्रकवर चढवून पाठवतो. कागदावर इंजिनिअरचं काम, पण खरी गंमत डबा उघडताना असते. एकात रबराचा उग्र वास, दुसऱ्यात कॉफीचा, तिसरा इतका नितळ की त्यातून काय गेलं असेल याचा अंदाजच लागेना. एकाच्या भिंतीवर कुणीतरी अनोळखी लिपीत खडूनं दोन ओळी लिहिल्या होत्या. आमचा रंगारी म्हणाला, "मालाची नोंद असेल." वेल्डर म्हणाला, "शिवी असणार, बोटीवर दुसरं काय लिहितात?" मला मात्र ते कुणाला तरी लिहिलेलं वाटलं. मी रंगाऱ्याला तेवढा तुकडा आजच्या दिवस तरी रंगवू नकोस म्हटलं. नंतर त्यावर अस्तराची फळी बसली. ओळी आत तशाच आहेत.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. या डब्याचा सगळा जोर चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यांवर भरलेले डबे रचा, हूं की चूं करत नाही. पण भिंत म्हणाल तर नुसता दुमडलेला पत्रा, आणि त्या दुमडींचाच काय तो आधार. सुरुवातीला आम्ही उत्साहानं एक ऐसपैस खिडकी कापली आणि वरची कड आमच्या डोळ्यांदेखत पोट सुटल्यासारखी खाली आली. मुकादमानं कपाळावर हात मारला. "आधी चौकट, मग भोक! एवढं कळत नाही?" मला इतकं हसू आलं, बाबा! हेच वाक्य तुम्ही हाताखालच्या माणसांना किती वेळा ऐकवलं असेल. आता आम्ही आधी लोखंडी चौकट जोडतो आणि मगच पत्रा कापतो.

पहिला डबा तयार झाल्यावर मी हट्टानं त्यात राहायला गेले. दुसऱ्याला राहायला देणार ते घर आधी आपल्या अंगाला लावून पाहावं, असं मला वाटलं. दुपारी आत भट्टी होते. सकाळी डोळे उघडले तर कपाळावर पाणी टपकत होतं. म्हटलं, छत गळतंय, की पाइप फुटला? शोधून शोधून दमले, मग उलगडा झाला. तो माझाच श्वास होता. रात्रभर सोडलेला, थंड लोखंडाला लागून त्याचं पाणी झालेलं. म्हणजे माणूस झोपेत किती पाणी हवेत सोडतो बघा! मग आम्ही पत्रा आणि फळी यांच्यामध्ये जाड फोम भरला, वरती दोन्ही टोकांना झरोके ठेवले. आवाजाचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. चमचा पडला तरी ताट पडल्यासारखं वाटतं. आई असती तर म्हणाली असती, भांडायची सोय नाही या घरात, सगळ्या आळीला ऐकू जाईल. आणि लगेच पडद्याची मापं घ्यायला लागली असती.

आता वस्तीतली गोष्ट. शाळेच्या मैदानावर आमचे डबे ओळीनं मांडलेत. मी पाहायला गेले तेव्हा बोचरा वारा सुटला होता, आणि तरी एकूण एक दार सताड उघडं. कुठे दारात दगड, कुठे खुर्ची, कुठे पाण्याचा पिंप. मला वाटलं, आत अजून उकडतं की काय! शिरून पाहिलं तर मुलं स्वेटर घालून, वर पांघरूण घेऊन बसलेली. बिजागऱ्या तपासल्या, कडी तपासली, सगळं ठीक. मग पहिल्या डब्यातल्या नर्सबाईंना विचारलं, "दार का लावत नाही?" त्या म्हणाल्या, "आतून उघडतं, माहितीय मला. पण त्या वेळी उघडेल का?" मी त्यांना कोपऱ्यांचं सगळं समजावलं, जमीन हलली तरी ही चौकट तिरकी का होणार नाही ते चित्र काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डोक्याला पटलं हो ताई. पोटाला पटत नाही."

मग मी दारोदार विचारत फिरले. एक आजोबा म्हणाले, "लाकडाचं दार द्या. अडकलंच तर लाथ मारून फोडता तरी येईल. या लोखंडाला लाथ मारली तर माझाच पाय मोडायचा." त्यांच्या सुनेनं समोरासमोर दोन दारं मागितली. तेव्हा आता मागच्या भिंतीला दुसरं दार काढायचं ठरलंय. लाकडी, हलकं, बाहेर उघडणारं, लहान मुलालाही आतून ढकलता येईल असं. मुकादमाला कल्पना पटली. पण आमच्या आवारात वेल्डर आहेत, वायरमन आहेत, क्रेनवाला आहे, लोखंडाशी बोलणारे सगळे आहेत. लाकडाशी बोलणारं कुणी नाही.

तर सुतार हवा म्हणून हे पत्र, असं तुम्हाला वाटेल. तेही आहे, मी नाकारत नाही. पण मागच्या आठवड्यात मी आपल्या पडलेल्या घरी गेले होते, तुम्हाला न सांगता. तुम्ही हत्यारांची पेटी का उघडत नाही, हे आत्यानं मला सांगितलं होतं. पुढचं दार हवेनं फुगून घासत होतं, रंधा मारायचं आज-उद्यावर गेलं, भूकंपाच्या दुपारी तुम्ही बाहेरून खांदे लावलेत तरी ते हललं नाही, आणि आई आत राहिली. तुम्ही आत्याला हे एकदाच सांगितलंत म्हणे. मला राहवलं नाही. ढिगारा उपसणारी माणसं तिथेच होती. त्यांना मी विचारलं, या दाराच्या आत काय होतं? त्यांनी दाखवलं. छताची मधली तुळई एका टोकानं सुटून दारावर आतून रेलली होती, आणि तिच्यावर अर्धं छत. ती क्रेननं उचलावी लागली. दाराच्या आतल्या अंगाला, माझ्या छातीच्या उंचीवर, तिचा खोल वळ आहे. दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं हे खरं, तिथला रंग उडालाय. पण तेवढं घासणं तुम्हाला थोडंच अडवणार होतं? ते दार लोण्यासारखं फिरत असतं तरी दहा माणसांना हललं नसतं. आणि आई छत कोसळलं त्याच क्षणी गेली, हे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, तुम्हाला ते ऐकू गेलं नसावं. यातलं काहीही फोनवर सांगायला माझी जीभ वळली नाही. आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही, तुम्ही ठेवणारही नाही. दार मी जाळू दिलेलं नाही, शेजारच्यांच्या पत्र्याखाली उभं करून ठेवलंय. शनिवारी गाडी घेऊन येते. वळावर तुम्ही स्वतः हात फिरवून बघा, मग तुम्ही म्हणाल तिकडे जाऊ.

तुमचीच,
धाकटी