सुनंदाचा लाल फ्रीज

सोमवार, दिवेलागण. उत्रोली.

धाकट्या जावेनं, सुनंदानं, आज फ्रीज आणला. लालभडक. भोरहून आलेल्या टेम्पोतून उतरवताना अख्खी आळी बघत होती. दोघी एकाच रानात रोजानं भात लावतो, मग हा तिच्याच घरी कसा?

थोरली म्हणून हळदी-कुंकू लावायला मलाच बोलावलं. लावलं. पण तोंडातून निघालंच, "आपल्यासारख्यांनी आधी पोरांच्या शिक्षणाचं बघावं. हे लाड कशाला?"

ती हसली. "अक्का, दिवसभर लोकांच्या रानात कोमट पाणी पितो. घरी तरी गार नको व्हय?" आणि पेला पुढं केला.

पाणी लई गोड लागलं, तेच सोसवत न्हाई. आणि लालच कशाला घेतला? मला लाल आवडतो, ठाऊक हाय तिला.

वर म्हणाली, "कव्हर तुमीच शिवा, अक्का." शिवीन. टेप लावून माप घेतलं. घरी आले तर कुणीच नव्हतं. तोच टेप शेगडीशेजारच्या कोपऱ्याला लावून बघितला.

बसतोय मेला. बरोब्बर बसतोय.