ओबेड म्हाताऱ्याने माझं नाव घेतलं

२५ एप्रिल १८५१

मेले! गावाच्या लेखी तरी मेलेच मी. काल सेंट मार्कची रात्र. कबरी खणणारा ओबेड म्हातारा दरवर्षीसारखा चर्चच्या ओसरीत बसला होता. वर्षभरात ज्यांच्या जिवावर बेतणार त्यांच्या सावल्या त्या रात्री चर्चमध्ये शिरतात, वाचणारे परत बाहेर येतात, मरणारे आतच राहतात — हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सकाळी विहिरीवर म्हातारा म्हणाला, "टॅमर आत गेली. बाहेर नाही आली." आणि मी बादली घेऊन तिथेच उभी! सगळ्या बायका मला वाट द्यायला बाजूला सरकल्या.

२७ एप्रिल

माझा होणारा नवरा सायलस आला नाही. गाडीच्या चाकांचं काम असेल. येईल.

२ मे

आला. बसला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "टॅमर, एक बायको पुरली मी. आता पुन्हा नाही सोसवणार." परवाच्या रविवारी चर्चमध्ये आमची नावं पुकारून लग्न जाहीर करायचं होतं! म्हटलं, "अरे, मी धडधाकट उभी आहे तुझ्यासमोर!" तर म्हणतो, "ओबेड कधी चुकलाय का?"

नाही चुकला, खरंच. गेल्या वर्षी त्याने पाववाल्याच्या बायकोचं नाव घेतलं होतं. अन्नच सोडलं तिने, खंगून खंगून गेली. तेव्हा मीही म्हणाले होते, बघा, ओबेडला दिसतं. आता वाटतं, ती कशाने खंगली?

११ जून

वहिनी माझी पेटी उघडून बसलेली. लग्नासाठी मी स्वतः शिवलेल्या चादरी मांडीवर! "वन्सं, ही एक बरी तुम्हाला गुंडाळायला ठेवते. बाकीच्या आमच्या पोरीला, जेनला होतील. आधीच बोललेलं बरं, नाही का?" म्हटलं, "तुलाच गुंडाळते आधी!" ती भोकाड पसरून बसली. भाऊ ओरडला — माझ्यावरच.

मी घरी करून विकते ते चीजही आता कुणी घेत नाही. मेलेलीच्या हातचं म्हणे.

२० सप्टेंबर

सुगीचं जेवण. मला टेबलाच्या टोकाला बसवलं. बिअरचा मग सगळ्यांत फिरला, माझ्यापाशी येऊन थांबला. माझ्यानंतर कोण तोंड लावणार? मीच संपवला. सगळा!

सायलस गिरणीवाल्याच्या प्रुडन्सशेजारी बसला होता. चांगला खिदळत होता.

१२ नोव्हेंबर

आज त्यांचं लग्न झालं.

८ जानेवारी १८५२

साधं पडसं. वहिनीने शेजारणी गोळा केल्या. पलंगाभोवती बसल्या, मी खोकले की एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर वहिनीला विचारलं, "केक तू करणार की मी आणू?" मला पुरल्यानंतर वाटायचा केक! रागाने अंगात ताकद आली. उठले, सगळ्यांना हाकललं.

३ एप्रिल

ओबेड अंथरुणाला खिळलाय. मला बोलावणं धाडलं. खोली कोंदट. म्हातारा म्हणाला,

"सायलसने वदवून घेतलं माझ्याकडून. गिरणीवाल्याची पोरगी मनात भरली होती त्याच्या. तुला शब्द दिलेला, मोडायचा कसा? मला बिअर पाजली त्याने. त्या रात्री मी काय बघणार? घोरत पडलो होतो गं!"

त्या रात्री पहारा करताना ओसरीत जो झोपतो तोच वर्षात जातो म्हणतात. त्यालाही तीच भीती खात होती.

"माफ कर, पोरी."

नाही केलं. पाणी पाजलं आणि निघाले. घरी येईपर्यंत मोठ्याने शिव्या देत होते. कुणी ऐकलं असेल तर असो!

१९ एप्रिल

ओबेड गेला.

२५ एप्रिल

वर्ष भरलं आणि मी जिवंत! काल ओसरीत मीच बसले, अख्ख्या गावाला सांगून. एक घुबड सोडलं तर कुणी फिरकलं नाही. आज विहिरीवर कोण आत गेलं हे विचारायची कुणाची छाती होईना. सगळ्या माझं तोंड न्याहाळत होत्या. एकीने माझी बादलीही भरून दिली.

२६ एप्रिल

सकाळीच सायलस दारात. चेहरा पांढराफटक. "टॅमर, मी... मी आत गेलो का गं? खरं सांग." त्यानेच रचलेलं थोतांड, आणि तरी स्वतःच भ्यायलाय मेला!

मी कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.