यांच्या फोनमधल्या आवडी

९ फेब्रुवारी
यांचा फोन अजून चालू ठेवलाय. हर्षित म्हणाला, आई, नंबर बंद करूया. मी नको म्हटलं – मुलाला काय सांगणार! व्हिडिओचं अ‍ॅप उघडलं की जुने रेडिओ खोलणारी माणसं येतात, केळीचे मुनवे लावणारी येतात. हे गेले, पण फोनला अजून ठाऊक नाही. रोज सकाळी यांच्यासाठी सगळं मांडून बसतो. मला बरं वाटतं.

१४ फेब्रुवारी
धाकट्या जावेची किंजल पालघरला कॉम्प्युटर शिकते. तिला विचारलं, याला यांची आवड कशी कळते गं? तर म्हणे सगळं आवडींवरच उभं केलेलं असतं. एका आवडीची माणसं गोळा करायची, त्यांचे गट करायचे, आणि कोण कशावर थांबतो ते बघत राहायचं.

"काकी, तू बघशील तेच तो दाखवनार. काका आता नाय बघत ना? हळूहळू सगळं तुझंच येईल."

म्हणजे माझ्याच बोटाने हे पुसले जाणार! जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
आजपासून फक्त यांचं बघायचं.

२१ फेब्रुवारी
रेडिओवाल्याला पुरा अर्धा तास पाहिला. काय तो कंटाळा! एक तार जोडायला माणूस किती वेळ घेतो. हे असताना शेजारी बसून कधी पाहिलं नाही. भाजी निवडता निवडता मीच "पुरे आता" म्हणायचे. आता शहाण्यासारखी बसते. शेवटी तो रेडिओ खरखरला तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली.

३ मार्च
घात झाला. माकुणसारच्या बायकांचं हळदीचं गाणं आलं आणि मी शेवटपर्यंत ऐकलं. यांचं वर्ष व्हायचंय अजून! दुखवट्याच्या घरात आमच्याकडे हळदीची गाणी लावत नाहीत, आणि मी यांच्याच फोनवर मान डोलावली. गावात एवढ्या हळदींना गायले, पण माझ्या गाण्यावर हे कधी एक शब्द बोलले नाहीत. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पुरुषांत बसून राहायचे. म्हणजे गाणं आलं ते माझ्यामुळेच.

४ मार्च
आणखी गाणी आली. रेडिओ एकही नाही.

१० मार्च
आता गाणं दिसलं की "नको" दाबते. आज एक बाई इतकी खणखणीत गात होती – तरी दाबलं. मग रडू आलं, रागही आला. यांना राखायचं तर स्वतःला इतकं गप्प करायचं? पण करणार काय. मला हे हवेत.

सकाळी रांधताना ओठांवर एक ओळ आली, तीही गिळली.

१६ मार्च
किंजलला म्हटलं, ते हळदीचं मुळापासून काढून टाक. ती फोनमध्ये कुठे कुठे शिरली आणि थांबली.

"काकी, हे तुझ्यामुळे नाय आलेलं. गान्यांच्या या गटात काकांनीच नाव घातलंय. गेल्या वर्षी."

यांनी त्या गटात टाकलेलं काहीतरी तिने लावलं. कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज, आणि त्यात माझं गाणं. खाली यांनी लिहिलंय – "आमची जयवंती हाय. तिला कोनी सांगू नका, गायची थांबेल."