चंद्रव्वाकडे जाण्याआधी

भवानी पेठ, सोलापूर
१९ सप्टेंबर १९७४

प्रिय प्रभा,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत छकुलीला घेऊन कुठं जायचं, याचा तुम्ही दोघांनी केवढा खल केलात ते वाचून हसू आलं. महाबळेश्वर नको, घाटात तिला ओकाऱ्या होतील. गोवा नको, बोटीत एवढ्याशा जिवाचे हाल. आमच्या खोलीत मागांचा खडखडाट, पाणी दिवसाआड. म्हणून कमलाकररावांनी ठरवलं की गाडी न बदलता थेट दुधनीला उतरायचं आणि हद्दीपलीकडं आपल्या जुन्या गावी, चंद्रव्वाकडं राहायचं. ताजं दूध, मोकळी हवा. ही शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दोन दिवस पत्र पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलं होतं.

तुझे वडील निजामाविरुद्ध लढणाऱ्या टोळीत होते आणि गावानं त्यांना सांभाळलं, एवढंच तू ऐकलंयस. ते खरंच आहे. हद्दीअलीकडच्या कॅम्पातून सात-आठ जण हद्द ओलांडून यायचे, निजामाच्या नाक्यावर हल्ला करायचे आणि परतताना आमच्या भरवशावर लपायचे. आम्ही बायका शेणाच्या पाटीत तळाशी भाकरी घालून न्यायचो. इमामभाई पिंजारी गाद्या भरायला गावोगाव फिरायचे, त्यांच्याकडून निरोप यायचे. रझाकारांनी त्यांना आपल्यात ओढायला पाहिलं. हे माजं गाव हाय, एवढंच म्हणाले आणि गेले नाहीत. पोरासोरांनासुद्धा ठाऊक असायचं माणसं कुठं आहेत, पण कुणाचं तोंड उघडलं नाही. माझं सोडून.

अठ्ठेचाळीसचा भाद्रपद होता. तू आठ महिन्यांची होतीस, आत्ताच्या छकुलीएवढी. टोळीतले चौघे ओढ्यालगतच्या बाजरीत होते, त्यात चंद्रव्वाचा नवरा गुरप्पा. तुझे वडील त्या दिवशी कॅम्पात होते. दुपारी घोड्यांवरून रझाकार आले. बायकांना चावडीपुढं उभं केलं. चंद्रव्वाला दोन फटके मारले, तरी ती म्हणाली, मला म्हाईत न्हाय. मग एकानं मला वेगळं काढून विहिरीवर नेलं. मला कुणी मारलं नाही, प्रभा. त्यानं तुला माझ्या कडेवरून घेतलं आणि काठाबाहेर धरलं. तू रडलीही नाहीस, त्याच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडं बघत होतीस. मी ओढ्याकडं हात केला.

गुरप्पा आणि दुसरा एक पोरगेला गडी जागीच गेले. दोघं निसटले. पुढं आठवड्याभरात भारत सरकारची फौज आली, निजाम शरण गेला आणि गावानं फितूर शोधायला घेतला. त्या दुपारी रझाकारांनी घोड्यांना पाणी पाजायला इमामभाईंना विहिरीवर धरून आणलं होतं. तेवढं पुरलं. त्यांच्या घराला आग लावली. बायको, लेकरं घेऊन ते नेसत्या कपड्यानिशी निघून गेले. चंद्रव्वा त्यांच्या मागं दगड घेऊन धावली आणि मी तुला पदराखाली घेऊन दारात उभी होते. त्या दुपारी विहिरीवर इमामभाई आमच्याकडं पाठ करून पोहरा ओढत होते, त्यांनी काही पाहिलं नसणार, असं मी स्वतःला सांगत आले.

तुझ्या वडिलांच्या मागं लागून मीच सोलापूरला आले. ते जाईपर्यंत त्यांनाही सांगितलं नाही. दारात कुणी कानडी बोललं तरी अजून मी कडी लावून घेते. ते गेल्यावर चंद्रव्वा भेटायला आली, तुला जवळ घेऊन रडली, तेव्हा तू म्हणायचीस की आई अशी तुटक का वागते. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते.

तुमचं पत्र यायच्या आधीच, छकुली येईल म्हणून लहान गादी भरायला टाकली होती. काल ती आणायला गेले तर दुकानात एक म्हातारा कापूस पिंजत बसला होता. गिऱ्हाइकाशी बोलताना आवाजावरून ओळखलं, इमामभाईच. त्यांनीही मला ओळखलं. मी पायरीवरच बसले. पिंजणं थांबवून ते म्हणाले, मी बगितलं व्हतं, बाई. सांगितलं असतं तर तुला जित्ती ठेवली नसती, आन् पोर तुज्या कडंवर व्हती. मग विचारलं, ती पोरगी बरी हाय न्हवं?

रात्रभर विचार केला. सोमवारच्या पॅसेंजरनं मी एकटी दुधनीला जाते आहे. चंद्रव्वापुढं बसून सगळं सांगणार, इमामभाई निर्दोष होते तेही. ती काय करील, ठाऊक नाही. फार भीती वाटते आहे. तुम्ही अजून तिकिटं काढू नका. तिनं तरीही बोलावलं तर लेकीला घेऊन जा. नाही बोलावलं, तर का ते तुला परक्या तोंडून कळू नये, म्हणून आज हे लिहिलं. तुझ्यामुळं झालं असं मनात आणू नकोस, तू तान्ही होतीस. उद्या पुन्हा तुला कुणी तसं धरलं तर मी काय करीन, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर तेच येतं. तेही चंद्रव्वाला सांगावं लागेल.

तुझीच,
आई