बंद खात्याचं शेल

प्रिय माहनूर,

परवा गुलमंडीत तुझ्या अम्मी, शकीला खाला, भेटल्या. दुपट्ट्याला पिको करून घेत होत्या. "तनू, घर विसरली का गं? लई दिवस झाले," म्हणाल्या. तू गंगापूरच्या शाळेत संगणक शिकवतेस, हे त्यांच्याकडूनच कळलं. तीन वर्षांत त्यांच्याकडे जायला मी का धजले नाही, हे त्यांना काय सांगणार? मी कसनुशी हसले.

ऑफिसात पुन्हा ऑडिट आलंय. गेलेल्या माणसाच्या पासवर्डला कुलूप लावलं, तरी त्याची जुनी डिजिटल चावी सर्व्हरवर राहिली तर तो आत येऊ शकतो. म्हणून त्याचं शेल, म्हणजे खात्याचं आतलं दार, तेही बदलायचं, 'नोलॉगिन' लावायचं, मग चावी असूनही आत येता येत नाही. हे मला तूच शिकवलंस, आणि मीच तुला ऐकवतेय.

सोमवारी ही तपासणी नव्यानं लावली. बंद खात्यांपैकी एकाचंच शेल चालू निघालं. तुझं. शेवटच्या दिवशी तू दारात फक्त "येते" म्हणालीस. 'जाते' म्हणू नये, हे माझ्या आईनंच तुझ्या अंगवळणी पाडलेलं. मी वेडी ते खरं धरून बसले. पासवर्डला कुलूप लावलं, शेल तसंच ठेवलं. रोज सकाळी लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, बघायचे, त्या जुन्या चावीनं आलीस का. एकदाही आली नाहीस. फार आठवण येते गं. डबासुद्धा एकटीनं खाववत नाही.

ऑडिटरनं विचारलं, चुकून राहिलं की मुद्दाम? मी 'मुद्दाम' लिहिलं. मग हात थांबेना. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेला माणूस सर्व्हरमध्ये शिरून फायली घेऊन गेला, तेव्हा बंद खाती तपासायचा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात पासवर्ड तपासला, शेल तपासायचं विसरले. प्रमुख तू होतीस, म्हणून ठपका तुझ्यावर आला आणि तुला नोकरी सोडावी लागली. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी मान खाली घालून गप्प बसले. तेही सगळं लिहिलं, खाली सही केली.

तुझं शेल आज बंद केलं. माझ्या नोकरीचं काय ते शुक्रवारी ठरेल. पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या एसटीनं गंगापूरला येतेय. माफी मागायला तोंड नाही. तू बोलली नाहीस तरी चालेल. मला फक्त तुला बघायचंय.

तुझीच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
तनुजा